सावेदादा

मुंबईच्या मलबार टेकडीवर हँगिंग गार्डन नावाची एक बाग आहे. शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर ती रचलेली आहे. इ. स. १८९९ साली या ठिकाणी पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती झाली. त्या काळी गावोगाव कुस्त्या होत. जिंकणाऱ्या मल्लाच्या डोक्याला फेटा बांधला जाई, चार दिवस त्याच्या डावपेचांची चर्चा होई आणि पुढे लोक ती कुस्ती विसरून जात. हँगिंग गार्डनमधील ही कुस्ती मात्र आज सव्वाशे वर्षांनंतरही इतिहासाच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. याचे कारण मल्लांच्या बळात नाही. त्या मल्लांसमोर एक गृहस्थ तिपाईवर लाकडी पेटी ठेवून उभे होते आणि पेटीचा दांडा हाताने एकसारख्या गतीने फिरवीत होते. त्या पेटीत कुस्तीची चित्रे उमटत होती. भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांत या कुस्तीची गणना होते.

ते गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा या नावाने ओळखत. राजेरजवाडे, नाटकांतील नट किंवा पुराणांतील देवदेवता यांच्याऐवजी त्यांनी आपल्या शहरात उघड्यावर वावरणाऱ्या माणसांपुढे आपला कॅमेरा प्रथम उभा केला. त्यांचे जीवनकार्य समजून घेताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी मुंबईत झाला. त्या वेळी मुंबई झपाट्याने वाढत होती. कापडाच्या गिरण्यांची धुरांडी एकामागून एक उभी राहत होती. आगगाडी आणि आगबोट यांच्यामुळे कोकण, देश, गुजरात आणि खानदेश अशा सर्व भागांतून माणसे पोटासाठी या शहरात येत होती. परस्परांना मुळीच न ओळखणारी हजारो माणसे एकाच रस्त्याने चालत होती. खेड्यात प्रत्येक माणूस दुसऱ्याला नावाने ओळखतो. शहरात मात्र समोरून येणारा माणूस बहुधा अनोळखी असतो. अशा अनोळखी माणसांच्या गर्दीत सावेदादा लहानाचे मोठे झाले.

तरुणपणी त्यांनी छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय पत्करला. छायाचित्राची कला तेव्हा फार जुनी नव्हती. इ. स. १८३९ मध्ये फ्रान्स देशात दागेर या कलावंताची कृती जगापुढे आली आणि थोड्याच काळात ही विद्या समुद्र ओलांडून हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत इ. स. १८५४ मध्ये छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. थोर विद्वान व वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेत होते. त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या व व्यवसायांच्या लोकांची छायाचित्रे काढली. यावरून सामान्य माणसाचे चित्र टिपण्याची आवड मुंबईत पूर्वीपासून होती हे दिसून येते.

परंतु त्या काळी छायाचित्र काढून घेणे हे आजच्यासारखे सोपे काम नव्हते. काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच ती काच कॅमेऱ्यात बसवावी लागे. प्रकाश त्या काचेवर पुरेसा पडेपर्यंत समोरच्या माणसाला निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागच्या बाजूने लोखंडी आधार लावीत. अशा स्थितीत चेहऱ्यावर हसू टिकून राहणे कठीण होते. म्हणून जुन्या छायाचित्रांतील आपले पूर्वज पुष्कळदा ताठ आणि गंभीर दिसतात. घरी ते हसत असत, रागावत असत, मुलांना खेळवीत असत. परंतु छायाचित्रात त्यातले काही उतरत नसे.

पुढे कोरड्या काचा तयार मिळू लागल्या आणि चित्र उमटण्यास लागणारा वेळ कमी झाला. कॅमेरा बाहेर नेता येऊ लागला. तरीही व्यवसाय करणाऱ्या छायाचित्रकाराचे काम बहुतांशी घरातच चाले. मागे रंगविलेला पडदा, शेजारी एखादी कोरीव खुर्ची किंवा फुलदाणी, आणि समोर ठेवणीतले कपडे घालून बसलेले गिऱ्हाईक, असा सगळा थाट असे. मनुष्य जसा रोज असतो तसा तेथे येत नसे. आपण जसे दिसावे असे त्याला वाटे तसा तो येई. सावेदादांचा हात ज्या व्यवसायात बसला तो हा असा होता.

अशा वेळी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी चित्रे हलती करून दाखविणारे यंत्र तयार केले होते. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस शहरात त्यांनी पैसे घेऊन त्याचा पहिला जाहीर खेळ केला. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत त्यांचे प्रतिनिधी हे यंत्र घेऊन मुंबईत आले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात त्याचे खेळ झाले. तिकीट एक रुपया होते. पडद्यावर आगगाडी स्थानकात येताना दिसली. कारखान्याच्या दारातून मजूर बाहेर पडताना दिसले. समुद्रात आंघोळ करणारी माणसे दिसली. हे खेळ इतके लोकप्रिय झाले की पुढे ते नॉव्हेल्टी नाटकगृहात होऊ लागले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटे ठेवण्यात आली.

वॉटसन हॉटेलातील खेळ पाहणाऱ्यांत सावेदादा होते. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. इतर प्रेक्षकांना त्या पडद्यावर चमत्कार दिसला. सावेदादा स्वतः छायाचित्रकार असल्याने त्यांचे लक्ष त्या चमत्कारामागील कृतीकडे गेले. ती कृती समजावून घेण्यासारखी आहे.

एखादी वस्तू डोळ्यांपुढून नाहीशी झाली तरी तिची प्रतिमा आपल्याला क्षणभर जाणवत राहते. म्हणून पहिल्या चित्रामागून दुसरे आणि दुसऱ्यामागून तिसरे चित्र अतिशय जलद आले, तर मन ती सगळी चित्रे जोडून घेते. धावणाऱ्या मुलाची अशी लागोपाठची चित्रे भरभर पाहिली की मूल खरोखर धावत आहे असा भास होतो. ल्युमिएर बंधूंच्या यंत्रात सेकंदाला सुमारे सोळा चित्रे उमटत. फिल्मची एक पट्टी पन्नास सेकंदांच्या आसपास चाले. म्हणजे एका मिनिटाच्याही आतील त्या खेळासाठी सुमारे आठशे छायाचित्रे लागत. ज्या छायाचित्रकाराने एकेका काचेसाठी तासन्‌तास खटपट केली असेल, त्याला या गोष्टीचे किती नवल वाटले असेल!

त्या पडद्यावरील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती. कारखान्यातून बाहेर पडणारे ते मजूर राजे नव्हते किंवा योद्धेही नव्हते. दिवसाचे काम संपवून ते घरी निघाले होते. अशी साधी माणसे पाहण्यासाठी मुंबईतील लोक एक-एक रुपया मोजीत होते. परदेशातील मजूर जर असे पाहण्याजोगे असतील, तर आपल्या मुंबईतील माणसे का नसावीत? सावेदादांनी पुढे जे केले ते या प्रश्नाचे उत्तरच होय.

परंतु काळ कठीण होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. गजबजलेल्या पेठा ओस पडल्या. जी गर्दी रोजची म्हणून कोणी पाहत नव्हते ती एकाएकी नाहीशी झाली. प्लेगने पुढे काही वर्षे मुंबईची पाठ सोडली नाही. अशा दिवसांत सावेदादांनी इंग्लंडमधील रायली कंपनीचा चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा मागविला. त्यासाठी त्यांनी एकवीस गिनी मोजल्या. त्या काळच्या दराने ही रक्कम सुमारे तीनशे तीस रुपये होते. तेव्हा साध्या कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईहून ती अधिक होती. यंत्र नवे, ते शिकविणारा गुरू जवळ नाही आणि त्यातून पैसा मिळेल याची शाश्वती नाही. तरीही सावेदादांनी हे धाडस केले.

हा कॅमेरा वापरणे म्हणजे मोठी कसोटी असे. विजेच्या प्रखर दिव्यांची सोय नसल्याने चित्रीकरण भर उन्हातच करावे लागे. कॅमेरा तिपाईवर एकाच जागी पक्का उभा असे. दांडा फार जलद फिरविला तर पडद्यावर माणसे संथ दिसत आणि हळू फिरविला तर ती दुडदुडत धावू लागत; म्हणून हाताची गती सारखी राखावी लागे. हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपताना सावेदादांपुढे या सर्व अडचणी होत्या. मल्ल तर एके जागी स्थिर राहत नाही. तो पुढे झेपावतो, बाजूला सरकतो, क्षणात खाली जातो. छायाचित्रशाळेतील गिऱ्हाइकाला थांबा म्हणून सांगता येते. रंगात आलेल्या मल्लाला तसे सांगून कसे चालेल?

टिपलेली फिल्म धुण्याची सोय मुंबईत नव्हती. ती आगबोटीने इंग्लंडला पाठवावी लागली. तेथे ती तयार होऊन परत येईपर्यंत चित्र कसे उमटले आहे, किंबहुना ते उमटले आहे की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. चित्र बिघडले तर ती कुस्ती पुन्हा होणार नव्हती. आज आपण छायाचित्र काढतो आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी ते पाहतो. मनास आले नाही तर दुसरे काढतो. सावेदादांना मात्र आपल्या श्रमाचे फळ पाहण्यासाठी आठवड्यांमागून आठवडे वाट पाहावी लागली. फिल्म सुखरूप परत आली आणि कुस्ती पडद्यावर जिवंत झाली.

त्याच सुमारास त्यांनी दुसरे चित्र टिपले. माकडांकडून खेळ करवून घेणारा माणूस हा त्याचा विषय होता. डमरूचा आवाज ऐकू आला की मुले अंगणातून धावत सुटतात, हे दृश्य त्या काळी प्रत्येक गावात दिसे. आता प्राण्यांच्या रक्षणासाठी कायदे झाले आहेत आणि असे खेळ रस्त्यावर फारसे होत नाहीत. परंतु त्या काळी अनेक फिरस्त्या कुटुंबांचे पोट त्यावर चाले. अशा माणसाकडे लोक दोन घटका करमणूक म्हणून पाहत आणि एक पैसा टाकून निघून जात. सावेदादांना त्याचे कसब जपून ठेवण्याच्या योग्यतेचे वाटले.

अशाच काळात कलकत्त्यामध्ये हिरालाल सेन हेही चलच्चित्रे घेऊ लागले होते. त्यांचे लक्ष मुख्यतः नाटकांतील प्रवेशांकडे वळले. रंगमंचावरील नटाला आपली भूमिका पाठ असते आणि आपण कोठे उभे राहावयाचे हे त्याला ठाऊक असते. सावेदादांनी टिपलेल्या माणसांना मात्र अशी भूमिका नेमून दिलेली नव्हती. जे समोर घडेल तेच त्यांच्या फिल्मवर येई. पुढे वार्तापट आणि माहितीपट म्हणून जी चित्रे जगभर प्रसिद्धीस आली, त्यांची आपल्याकडील सुरुवात सावेदादांच्या या कामात आढळते.

आपण घेतलेली चित्रे लोकांना दाखविण्यासाठी सावेदादांनी पडद्यावर चित्रे टाकणारे यंत्रही मिळविले. परदेशातून आणलेल्या फिल्मांबरोबर ते आपली चित्रे दाखवीत. तेव्हा कायमची चित्रपटगृहे झालेली नव्हती. मोकळ्या जागेत तंबू ठोकीत, एका टोकाला पांढरा पडदा लावीत आणि अंधार पडला की खेळ सुरू होई. पडद्यावरची माणसे बोलत नसत. परंतु लुगडे नेसलेल्या, धोतर नेसलेल्या, पागोटे घातलेल्या आपल्याच लोकांना तेथे पाहण्यात निराळा आनंद असे. पुढे अशा तंबूंतील सिनेमा महाराष्ट्रातील यात्रांचे एक मोठे आकर्षण होऊन बसला आणि कित्येक खेड्यांतील लोकांनी आयुष्यातील पहिले चलच्चित्र अशा तंबूतच पाहिले.

इ. स. १९०१ च्या डिसेंबर महिन्यात सावेदादांना एक महत्त्वाचा प्रसंग टिपण्याची संधी मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या लहानशा गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गणिताचा अभ्यास करीत होते. इ. स. १८९९ मध्ये तेथील अवघड परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि सीनियर रँग्लर हा बहुमान मिळविणारे पहिले भारतीय ठरले. देश परतंत्र होता. आपल्या लोकांची बुद्धी राज्यकर्त्यांच्या बुद्धीहून कमी प्रतीची आहे, असे त्या काळी उघडपणे सांगितले जाई. त्यामुळे परांजप्यांच्या यशाने साऱ्या देशाला आनंद झाला. ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचे मोठे स्वागत झाले. हा प्रसंग सावेदादांनी आपल्या कॅमेऱ्याने टिपला. भारतातील पहिल्या वार्तापटांत त्याची गणना होते.

या चित्राचे मोल आणखी एका कारणासाठी मानले पाहिजे. एका विद्यार्थ्याच्या विद्वत्तेसाठी लोकांनी केलेला हा गौरव होता. तो सरकारच्या आज्ञेने घडून आलेला नव्हता. वर्तमानपत्र वाचता न येणारा मनुष्यही पडद्यावर ते दृश्य पाहून आपल्या देशात काय घडले हे समजू शकत होता. त्या काळी आपल्या देशातील फारच थोड्या लोकांना वाचता येत असे. हे लक्षात घेतले म्हणजे सावेदादांच्या यंत्राचे सामर्थ्य ध्यानात येते.

याच्या अगदी उलट प्रसंगही त्यांच्या वाट्यास आला. बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झन यांनी १ जानेवारी १९०३ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरविला. शृंगारलेले हत्ती, रत्नजडित पोशाख केलेले संस्थानिक, सैन्याची संचलने यांचा तेथे थाट होता. त्यापूर्वी थोडीच वर्षे देशाने भीषण दुष्काळ सोसला होता. त्यामुळे या खर्चावर पुष्कळांनी टीका केली. सावेदादांनी या दरबाराचेही चित्रण केले. हँगिंग गार्डनमधील दोन मल्ल आणि दिल्लीतील बादशाही मिरवणूक ही दोन्ही दृश्ये एकाच माणसाच्या कॅमेऱ्यातून गेली. दिल्लीचा दरबार टिपण्यासाठी पुष्कळ कॅमेरे सज्ज होते. मुंबईच्या मल्लांसाठी मात्र एकटे सावेदादाच तेथे गेले होते.

पुढे सावेदादांनी मुंबईतील गेईटी या नाटकगृहाची व्यवस्था पाहण्यास सुरुवात केली. बोरीबंदर स्थानकासमोरचे हे नाटकगृह पुढे कॅपिटॉल नावाचे चित्रपटगृह झाले. इ. स. १९०७ च्या सुमारास त्यांनी चलच्चित्रे टिपण्याचे काम थांबविले. हे काम त्यांनी जेमतेम आठ-नऊ वर्षे केले. पण त्या थोड्या अवधीत त्यांनी घातलेली पायवाट बुजली नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट लोकांपुढे आला आणि भारतात कथापटांचे युग सुरू झाले. फाळके हेही सावेदादांप्रमाणे प्रथम छायाचित्रकार होते. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळक्यांचा जो गौरव होतो तो यथायोग्यच आहे. परंतु त्यांच्या आधी सुमारे चौदा वर्षे एका मराठी माणसाने उघड्या बागेत कॅमेरा मांडला होता, याचाही विसर पडू नये.

सावेदादांना दीर्घ आयुष्य लाभले. त्यांनी मूकपट वाढताना पाहिले, इ. स. १९३१ मध्ये भारतात बोलपट सुरू झालेले पाहिले, देश स्वतंत्र झालेला पाहिला. इ. स. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी श्यामची आई या मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हाही ते हयात होते. ज्या विद्येची आपल्याकडील पहिली अक्षरे त्यांनी गिरविली, तिचा एवढा मोठा ग्रंथ त्यांच्या डोळ्यांदेखत तयार झाला. २० फेब्रुवारी १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मनाला चुटपुट लावून जाते. त्यांनी घेतलेली चलच्चित्रे आज आपल्याला पाहावयास मिळत नाहीत. त्या काळची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. उष्ण व दमट हवेत ती लवकर खराब होई, चिकट होई आणि अखेरीस तिचा भुगा होई. शिवाय चित्र जुने झाले की ते जपून ठेवावे असे फारसे कोणाला वाटत नसे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते इ. स. १९६४ मध्ये. तोपर्यंत आपल्या देशातील कितीतरी मूकपट नाहीसे झाले होते. पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी यांची नावे उरली. त्यांचे डाव, त्यांची चपळाई, त्या दिवशीचे ऊन, हे सर्व फिल्मबरोबर लोपले. क्षणाला पकडून ठेवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच त्याचे जतन करणेही महत्त्वाचे असते, हा धडा त्यापासून आपण घेतला पाहिजे.

आज घरोघरी कॅमेरे आहेत. खिशातील फोननेही वाटेल त्या क्षणी छायाचित्र घेता येते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीची यात्रा भरते. तेथे नाना ठिकाणांहून घोडे विक्रीस येतात. सातपुड्याच्या कुशीतील काठी गावी होळीच्या वेळी आदिवासी बांधव मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरे बांधून रात्रभर नाचतात. हे सोहळे पाहण्यास दूरदूरचे छायाचित्रकार जातात. सावेदादांनी ज्या प्रकारची दृश्ये टिपली, तशी दृश्ये आजही आपल्या भोवती आहेत हे यावरून दिसेल.

मात्र अशा ठिकाणी एक विवेक बाळगावा लागतो. आपण ज्याचे छायाचित्र घेतो तो अनोळखी मनुष्य आपल्याला अनोळखी असतो एवढेच. त्याला त्याचे नाव आहे, घर आहे, मान आहे. घोड्याला चारा घालणारा म्हातारा यात्रेची शोभा वाढविण्यासाठी आलेला नसतो. त्याच्या वर्षभराच्या संसाराची चिंता त्या घोड्याच्या किमतीशी बांधलेली असते. होळीत नाचणारा तरुण व्रत पाळून तेथे आलेला असतो. तो नाच त्याची उपासना असते. कोणी दुःखात असेल, अडचणीत असेल, किंवा चेहऱ्यापुढे हात धरीत असेल, तर कॅमेरा खाली घ्यावा. ज्याला त्याचे छायाचित्र नको असेल त्याची इच्छा मानावी. त्याची थट्टा होईल असे चित्र तर कधीच घेऊ नये. मनुष्याकडे प्रथम आदराने पाहावे आणि मग कॅमेऱ्यातून पाहावे.

पूर्वीच्या चित्रकारांनी राजांची चित्रे रंगविली, कवींनी वीरांचे पोवाडे रचले, शिल्पकारांनी देवांच्या मूर्ती घडविल्या. रस्त्याने जाणाऱ्या साध्या माणसाची स्मृती कोण ठेवणार? सावेदादांनी ती ठेवण्याचा यत्न केला. त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले, न शिकविलेली विद्या आपली आपण शिकून घेतली आणि फळाची वाट पाहिली. त्यांच्या फिल्मा काळाने नेल्या, परंतु आपल्या भोवतीचे रोजचे जीवन पाहण्याजोगे आहे आणि जपण्याजोगे आहे, ही त्यांनी दिलेली दृष्टी अजून आपल्याजवळ आहे. पुढे भारतात ज्यांनी ज्यांनी कॅमेरा खांद्यावर घेऊन सामान्य माणसांत प्रवेश केला, त्या सर्वांच्या अग्रभागी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांचे नाव आदराने घेतले जाते.